चिनी रुपे, जेड आणि माळव्याची अफू

चिनी रुप्याची डबी अथवा जेडची नाजूक वाटी संग्रही असावी, ही हौस पश्चिम भारतातील सधन घराण्यांत जुनी आहे. तिला रसिकतेची जोड मिळाली म्हणजे काय साधते, हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांवरून ध्यानी येते. जेडचा पाषाण पोलादी हत्याराने कोरला जात नाही. अधिक कठीण वाळूने तो दिवसेंदिवस झिजवावा लागतो. चिनी बादशहा छ्येनलुंग (राज्यकाल १७३५–१७९६) हा मोगल घडणीच्या हिंदुस्थानी जेडपात्रांचा इतका चाहता होता की, त्यांवर तो स्वतःची कवने कोरवून घेई.

परंतु अशा वस्तूंचे मोल करताना त्या काळी रुपे कोठून कोठे वाहत होते, हेही पाहिले पाहिजे. आणि तो शोध आम्हांस धार व देवास येथे आणून सोडतो. देवासच्या पवारांनी डिसेंबर १८१८ मध्ये व धारच्या पवारांनी जानेवारी १८१९ मध्ये इंग्रजांशी तह केले. या संस्थानांच्या काळ्या मातीत अफूचे पीक येई. माळव्याची ही अफू पश्चिमेच्या बंदरांतून कँटनला जाई. कंपनी सरकारने आरंभी ती अडवू पाहिली. ते साधेना, तेव्हा १८३० च्या सुमारास दर पेटीस १७५ रुपये घेऊन मुंबईची वाट मोकळी केली. १८४७ पर्यंत हा दर ४०० वर गेला.

पूर्वी चहाच्या मोबदल्यात चीनमध्ये साठलेले रुपे आता अफूपायी बाहेर जाऊ लागले. १८३९ साली लिन झशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट करविल्या. त्यांत माळव्याचा मालही होता. त्यातून युद्ध पेटले. दुसऱ्या युद्धात, १८६० साली, इंग्रज व फ्रेंच फौजांनी बीजिंगनजीकचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. त्या इंग्रज फौजेत हिंदी शिपाईही होते. तेथील जेडपात्रे पुढे लंडन-पॅरिसच्या लिलावांत विकली गेली.

या हानीचे दुःख धारला परके नाही. १८७५ साली तेथील नगरवाड्याच्या अवशेषांत सापडलेली, वि. सं. १०९१ (इ. स. १०३४) चा लेख असलेली देवीमूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोक तिला वाग्देवी म्हणतात. पादपीठावरील लेखात वाग्देवीचा उल्लेख असून पुढे अंबिकेची मूर्ती घडविल्याचे म्हटले आहे. जी भूमी आपल्या देवीची वाट पाहते, तिच्याच अफूने दुसऱ्या देशाची घरे रिती केली, हा इतिहास आम्ही एकाच पानावर वाचला पाहिजे.

म्हणून संग्रह करू नये, असे आमचे म्हणणे नाही. देवस्थानच्या जामदारखान्यात दागिन्यामागे देणाऱ्याचे नाव व वजन नोंदविण्याची आपली रीत आहे. तीच घरच्या कपाटास लावावी. वस्तू कोणाच्या हातून व कोणत्या साली आली, हे घेण्यापूर्वी विचारावे, आणि मिळालेले उत्तर पुढच्या पिढीसाठी वस्तूजवळ लिहून ठेवावे. उत्तर देण्यास विकणारा कचरत असेल, तर ती वस्तू कितीही देखणी असो, तिला आपल्या घरचा उंबरा ओलांडू देऊ नये.