फणसाडची ढोली आणि विलायतेची काचपेटी

रायगडच्या किनाऱ्यालगतचे फणसाडचे अरण्य १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दी नबाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते व १९८६ साली अभयारण्य झाले. परंतु शिकारीच्या इतिहासात बिबट्या आणि सांबर यांचाच दबदबा, वृक्षांच्या ढोलींतील जीवांना तेथे स्थान नाही. सह्याद्रीच्या अशाच ढोलींत राहणारा, राखाडी अंगावर रेखीव नक्षी वागवणारा टॅरंटुला जातीचा केसाळ कोळी १८९९ साली रेजिनल्ड पोकॉक यांनी शास्त्रीय नाव देऊन जगापुढे आणला, आणि कालांतराने तो विलायती हौशी लोकांच्या काचपेटीत जाऊन बसला. उभी पेटी, सालीचा आडोसा, उथळ पाण्याची वाटी, अधूनमधून एखादा रातकिडा, एवढा त्याचा संसार. तो कात टाकण्यासाठी उताणा पडला की मेला असे समजू नये, उलट पेटीतले भक्ष्य काढून घ्यावे, कारण त्वचा कोवळी असताना रातकिडाही त्याला जखमी करू शकतो. मादी दहा वर्षांहून अधिक जगते, म्हणजे ही निगा दीर्घ निष्ठेची. ती आदरणीयच, तथापि ढोलीतून उचललेला प्रत्येक कोळी ही अरण्याची हानी आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि २०१९ साली या कोळ्याच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, हे उचितच झाले.