ओपनआरजीबी

कॅबिनेटमधले पंखे, रॅम, ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड, माऊस आणि टेबलाच्या कडेला चिकटवलेली एलईडीची पट्टी यांचे रंगीत दिवे एकाच खिडकीतून चालवणारा हलका, मुक्तस्रोत प्रोग्राम. तो सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला असून त्याची खिडकी क्यूटी या साधनसंचावर उभी आहे. जीपीएल परवान्याखाली तो विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर मोफत मिळतो. खाते उघडावे लागत नाही, जाहिरात दिसत नाही, आणि दिवे लावायला इंटरनेटही लागत नाही. मूळ कर्ता ॲडम हॉन्स. असूसच्या ‘ऑरा’ दिव्यांची भाषा उलगडण्यासाठी त्याने आधी ‘ओपनऑराएसडीके’ हा प्रकल्प हाती घेतला होता. इतर कंपन्यांची उपकरणे त्यात येऊ लागल्यावर त्याचे नाव बदलून ‘ओपनआरजीबी’ झाले.

अशा प्रोग्रामची गरज उत्पादकांनीच निर्माण केली. २०१४मध्ये रेझरने ‘क्रोमा’ आणि कॉर्सेअरने ‘के७० आरजीबी’ हे कीबोर्ड आणले आणि प्रत्येक कळीखाली हवा तो रंग ही चैन बाजारात आली. तिथून दिवे मदरबोर्डवर, रॅमवर, पंख्यांवर पसरले. मात्र प्रत्येक कंपनीने आपल्या दिव्यांची आज्ञावली गुप्त ठेवली आणि स्वतःचा वेगळा प्रोग्राम दिला: असूसचा ‘आर्मरी क्रेट’, एमएसआयचा ‘मिस्टिक लाइट’, गिगाबाइटचा ‘आरजीबी फ्यूजन’, ॲसरॉकचा ‘पॉलिक्रोम’, कॉर्सेअरचा ‘आयक्यू’, रेझरचा ‘सिनॅप्स’. यातले काही शेकडो मेगाबाइट जागा घेतात आणि संगणक सुरू झाल्यापासून पार्श्वभूमीवर चालत राहतात. दिव्याचा रंग बदलणे हे मोजक्या बाइट्सचे काम. त्यासाठी एवढा बोजा संगणकावर टाकणे अन्यायाचेच आहे.

भारतात हा त्रास अधिक जाणवतो, कारण इथे संगणक सुटे भाग जमवून जोडून घेण्याची रीत अजून जोरात आहे. जबलपूरच्या अधारताल भागातले उदाहरण घेऊ. १९६४मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच भागात आहे. तिथला एखादा विद्यार्थी मदरबोर्ड शहरातल्या दुकानातून घेईल, रॅम ऑनलाइन सवलतीत मागवेल, ग्राफिक्स कार्ड नागपूरहून येणारा नातेवाईक घेऊन येईल. भाग निवडताना किंमत आणि हमी पाहिली जाते. सगळ्यांवर एकच शिक्का असावा ही अट परवडणारी नसते. मग टेबलावर तीन कंपन्यांचे दिवे तीन तालांत लुकलुकतात आणि त्यांच्यासाठी तीन प्रोग्राम मेमरी अडवून बसतात. आठ जीबी रॅमच्या यंत्रावर ते लगेच जाणवते.

ओपनआरजीबीची रचना साधी आहे. सुरू होताच तो जोडलेली उपकरणे शोधतो. प्रत्येक उपकरणाचे भाग, भागांतले दिवे आणि त्यांना जमणारे प्रकार तो एकाच साच्यात मांडतो. कीबोर्ड-माऊसशी तो यूएसबीवरून बोलतो. रॅम आणि बऱ्याच मदरबोर्डांचे दिवे मात्र ‘एसएमबस’ नावाच्या जुन्या, संथ मार्गावर असतात. हा मार्ग साधारणपणे सेकंदाला एक लाख बिट्सच्या वेगाने चालतो. त्यामुळे वेगाने सरकणारी रंगाची लाट कीबोर्डवर गुळगुळीत दिसते, रॅमवर मात्र किंचित मागे पडते. कोणत्या बाइटने कोणता दिवा लागतो हे उत्पादक सांगत नसल्याने स्वयंसेवक मूळ प्रोग्राम आणि उपकरण यांच्यातली देवाणघेवाण टिपून घेतात आणि अर्थ लावतात. शेकडो उपकरणांचा आधार अशा चिकाटीतून उभा राहिला आहे, आणि या प्रकल्पाची खरी श्रीमंती तीच आहे.

या वाटेवर धोका आहे, आणि प्रकल्पाने तो लपवलेला नाही. सुरुवातीच्या काळात ओपनआरजीबीच्या कोडमुळे एमएसआयच्या काही मदरबोर्डांवरील दिव्यांचा नियंत्रक कायमचा निकामी झाला. तो कोड तातडीने बंद करून नव्याने लिहिण्यात आला. एसएमबसवर दिव्यांखेरीज रॅमची ओळख साठवणारी चिपही असते, म्हणून चुकीच्या पत्त्यावर लिहिणे महागात पडू शकते. दोन प्रोग्राम एकाच वेळी या मार्गावर आले तरी गोंधळ उडतो. कंपनीचा प्रोग्राम पूर्ण बंद करूनच ओपनआरजीबी उघडावा, ही सूचना प्रत्येक नव्या वापरकर्त्याने पाळायलाच हवी.

विंडोजवर दुसरी अडचण चालकाची (ड्रायव्हरची) होती. एसएमबसपर्यंत पोहोचण्यासाठी हा प्रोग्राम, पंखे आणि तापमान पाहणाऱ्या इतर अनेक प्रोग्रामांप्रमाणे, ‘विनरिंगझीरो’ या जुन्या चालकावर विसंबून होता. या चालकातून कोणताही प्रोग्राम यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचू शकतो, ही त्रुटी २०२०मध्येच नोंदली गेली होती. मार्च २०२५पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून अडवू लागला आणि पुष्कळांचे दिवे एका रात्रीत बेताल झाले. १.० आवृत्तीच्या पूर्वप्रकाशनांत त्याच्या जागी ‘पॉनआयओ’ हा अधिक बंदिस्त चालक आला. डिफेंडरचा इशारा दडपून जुना चालक चालू ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये.

टेबलावरच्या पट्टीचे तंत्र वेगळे आहे. बहुतेक पट्ट्यांत ‘डब्ल्यूएस२८१२बी’ जातीचे पाच व्होल्टचे दिवे असतात. प्रत्येक दिवा ओळीने आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढच्याकडे सरकवतो. एका दिव्याला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ६० दिव्यांची पट्टी दोन मिलिसेकंदांच्या आत रंग बदलते. अडते ते विजेवर. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा ६० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेतो; मीटरला ६० दिवे असतील तर ३.६ ॲम्पिअर, अर्थात १८ वॅट. साध्या यूएसबी २.० पोर्टची मर्यादा अर्धा ॲम्पिअर. मदरबोर्डवरची तीन पिनांची पाच व्होल्टची जोडणी बहुधा तीन ॲम्पिअरवर थांबते. त्यामुळे लांब पट्टीला स्वतंत्र पॉवर सप्लाय द्यावा. शेजारची चार पिनांची जोडणी बारा व्होल्टची असते. पाच व्होल्टची पट्टी तिच्यात जबरदस्तीने बसवली तर दिवे जळतात.

अशा पट्टीसाठी ईएसपी३२ या स्वस्त वायफाय चिपवर ‘डब्ल्यूएलईडी’ हा आणखी एक मुक्तस्रोत प्रोग्राम चढवतात. ओपनआरजीबी त्याच्याशी घरच्या नेटवर्कवरून बोलू शकतो, त्यासाठी रंगमंचावरच्या दिव्यांसाठी बनलेला ‘ई१.३१’ हा नियमसंच वापरला जातो. त्याच्या एका गटात ५१२ वाहिन्या असतात, आणि दिव्यामागे तीन वाहिन्या धरल्या की १७० दिवे बसतात. फिलिप्स ह्यू, यीलाइट, नॅनोलीफ यांसारखे घरगुती दिवेही ओपनआरजीबीच्या यादीत आहेत. ओपनआरजीबीचा सर्व्हर ६७४२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. जुन्या मोबाइलच्या बटणांवर ओ, आर, जी, बी ही अक्षरे याच अंकांवर होती. पायथॉनमध्ये चार ओळी लिहिणारा विद्यार्थीही या पोर्टवरून कोड चुकला की कीबोर्ड लाल करू शकतो.

स्पर्धकांपैकी ‘सिग्नलआरजीबी’ दिसायला देखणा आहे आणि त्यातले परिणाम समृद्ध आहेत, पण तो विंडोजपुरता आणि काही सोयी सशुल्क. मुक्तस्रोत ‘आर्टेमिस’ खेळांतल्या घटनांवर दिवे बदलण्यात तरबेज आहे. सप्टेंबर २०२३मध्ये विंडोज ११मध्येच ‘डायनॅमिक लाइटिंग’ आले. ‘लॅम्पअरे’ हे खुले मानक पाळणारी उपकरणे त्यातून कोणताही जादा प्रोग्राम न टाकता चालतात. उत्पादकांनी हे मानक मनापासून स्वीकारले तर कीबोर्ड-माऊसपुरता प्रश्न सुटेल. रॅम आणि जुन्या मदरबोर्डांसाठी ओपनआरजीबीची गरज राहील.

हलकेपणा टिकवायचा तर वापरण्याची रीतही महत्त्वाची. सतत सरकणारे परिणाम प्रोग्रामच्या जोडभागातून येतात आणि प्रोसेसरला थोडे का होईना काम लावतात. स्थिर रंग पुरेसा असेल तर प्रोफाइल जतन करावी, संगणक सुरू होताना ती लागेल अशी व्यवस्था करावी आणि प्रोग्राम बंद करावा; बहुतेक उपकरणे शेवटचा रंग धरून ठेवतात. काही उपकरणे झोपेतून जागी होताना आपल्या कारखान्यातल्या इंद्रधनुष्यावर परततात. त्यांच्यासाठी तीच प्रोफाइल पुन्हा लावावी लागते.