कशेळीचा आदित्य

रथसप्तमीला आजी अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यातलं दूध उतू घालवायची. ते पूर्वेला सांडलं की म्हणायची, “पावला गो!” संक्रांतीपासूनची हळदीकुंकवंही त्याच दिवशी आटपत.

तिचं माहेर राजापूर तालुक्यातलं कशेळी. तिथल्या कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्याच, देवळाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट आहे. आजीला मात्र दंतकथा प्यारी. काठेवाडाकडून मूर्ती घेऊन येणारं गलबत कशेळीसमोर अडलं. मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, तेव्हाच हललं. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टान्त झाला आणि देव गावात आला.

राजाचं नाव तांब्यावर कोरलेलं आहे. कनकेचं मात्र रोज देवाच्या आधी घेतलं जातं.