लाखेची तबकडी आणि नवे स्पीकर

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. फांद्यांवरची लाख खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ पापुद्रे करायचे, की चपडा तयार. तो बांगड्यांना, लाकडाच्या पॉलिशला लागतो, हे लहानपणापासून ठाऊक होते. माझ्या आजोबांच्या, म्हणजे दादामियाँच्या पेटीतल्या काळ्या तबकड्याही लाखेच्याच, हे मात्र मला चाळिशीनंतर कळले.

मागच्या वर्षी मी नवा अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. त्यावर सर्वात आधी लावले उस्ताद अब्दुल करीम खाँ. दादामियाँच्या चावीच्या ग्रामोफोनवर ऐकलेला तो आवाज आता किती खुलेल, अशी आशा होती. झाले उलटेच. गाण्यापेक्षा खरखरच मोठी झाली. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्या तबकड्या भंगारात देऊन टाका. मोबाईलवर सगळं मिळतं." मीही हो म्हणण्याच्या बेतात होतो.

मग कारण शोधले. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटीवर घासून पोलादी सुई खाचेच्या मापाची व्हावी, हा हेतू. म्हणूनच दर बाजूला सुई बदलावी लागे. तीच भुकटी खरखरते. जुन्या कर्ण्यातून बारीक आवाज फारसे बाहेर पडत नसत, त्यामुळे खरखरही दबून राही. चांगला स्पीकर काहीच झाकत नाही.

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. गौहर जान पहिल्या गायिकांपैकी एक. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून यायच्या. सियालदहचा कारखाना १९०८चा. मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या जोरानेच सुईने खाच कोरायची. त्यात तानपुरा जवळजवळ नाहीसा होई. विजेवरचे मुद्रण आले १९२५ साली. अब्दुल करीम खाँसाहेब दोन्ही काळांत गायले. त्यांची सुरुवातीची तबकडी आणि १९३०च्या दशकातली तबकडी एकाच स्पीकरवर लावून पाहा. पहिलीत नुसता गळा ऐकू येतो, दुसरीत सुरामागचा श्वासही. मुद्रणात जे उतरलेच नाही, ते कितीही महागडा स्पीकर आणून देत नाही.

माझ्या मते खरी मोठी सुधारणा आवाजाची नव्हतीच, वेळेची होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा ख्याल उस्तादांनी तेवढ्यात बसवला. १९४८ साली अमेरिकेत एल.पी. आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त जागा मिळाली. उस्ताद अमीर खाँ यांच्या एल.पी.वर एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यांचा संथ विलंबित तीन मिनिटांत कसा मावला असता? ही एल.पी. नव्या स्पीकरवर लावली आणि माझे पैसे वसूल झाले. खर्जातला सूर खोलीभर पसरला.

पण आनंद यंत्रावरच ठरतो म्हणावे, तर गदगच्या त्या मुलाचे काय? लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी खरखरत्या तबकडीवरच ऐकली होती. तसे गाणे शिकायचे या ओढीने ते अकराव्या वर्षी घर सोडून निघाले.

आणि रहिमत खाँ? ग्वाल्हेर घराण्याचा हा थोर गवई १९२२ साली कुरुंदवाडला वारला. मायक्रोफोन त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यांचा आवाज उरला आहे तो लाखेतच. मराठी मुलखात राहून गायलेल्या या उस्तादांचा इतिहास आपण पुस्तकांत शोधतो आणि त्यांचा आवाज मात्र 'क्वालिटी नाही' म्हणून भंगारवाल्याला किलोने देतो. लाख ठिसूळ असते. तबकडी एकदा फुटली की फुटली.

आता जुने गाणे लावताना मी ट्रेबल कमी करतो, आवाज बेताचा ठेवतो. दादामियाँच्या कर्ण्यातून आपोआप व्हायचे ते मी बटणाने करतो. मुलगा अजून कुरकुरतो, पण परवा तीन मिनिटे न उठता बसला. पेटी घरातच आहे.