खेळ संपले, वसाहत राहिली

सर्जापूर रस्त्यावरील आपल्या मंडळींस कोरमंगलातील ‘नॅशनल गेम्स व्हिलेज’ ठाऊक आहे ते केवळ पत्त्यातील एक नाव म्हणून. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा बंगळूर व म्हैसूर येथे भरल्या, तेव्हा खेळाडूंच्या निवासासाठी ही वसाहत उभी राहिली. खेळाडू गेले आणि त्या सदनिकांत कुटुंबे राहावयास आली. खेळांचा पसारा आवरल्यावर शहराच्या नित्य उपयोगी पडलेली अशी वस्तू विरळाच, असे आमचे मत आहे. माँट्रियल नगरीने १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज २००६ पर्यंत फेडले!

आपल्या महाराष्ट्राने हाच मान १९९४ साली मिळविला होता. त्यानिमित्त पुण्याच्या वेशीवर बालेवाडीस श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल झाले. मुंबई-बंगळूर महामार्गाने गावी जाणाऱ्यांच्या दृष्टीस ते पडत असेलच. पुढे २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथेच झाल्या आणि २०१८ ते २०२३ या काळात आंतरराष्ट्रीय टेनिसपटूही तेथे येऊन खेळून गेले. मैदान एकदा झाले की दुसरे पाहुणे बोलाविता येतात, हा त्यातील लाभ. परंतु दोन मोठ्या उत्सवांमधील रिकाम्या वर्षांतही गवत कापावेच लागते. उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी जी लगबग होते, ती देखभालीच्या खर्चाच्या टिपणीसाठी आम्ही आमच्या सरकारी नोकरीत कधी पाहिली नाही.

बंगळूरच्या हिशेबात मात्र आणखी एक रक्कम मांडावी लागते, आणि ती १९९७ च्या पुष्कळ आधीची आहे. श्री कंठीरव क्रीडांगण उभे आहे ते जुन्या संपंगी तलावाच्या जागेवर. अक्कितिम्मनहळ्ळीच्या तलावाचेही हॉकीचे मैदान झाले. केंपेगौडाच्या काळापासून ही नगरी तलावांवर जगली. वरच्या तलावाचे पाणी ओसंडून खालच्यात जावे, अशी ती साखळी होती. तिच्यातील एक एक कडी बुजविली गेली, आणि हे काही केवळ खेळासाठीच झाले नाही. बसस्थानकासाठी व वसाहतींसाठीही झाले. आज मोठ्या पावसात कोरमंगलाच्या सखल भागात आणि बेळ्ळंदूरकडे पाणी तुंबते, त्यामागे हाही इतिहास आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे याच उतारावर असल्याने तो आपणांस परका नाही.

संपंगी तलावाचा एक लहानसा तुकडा अद्याप शिल्लक आहे. चैत्रातील करग उत्सवाचे विधी त्याच्याच काठी होतात. शेजारच्या क्रीडांगणावर त्या दिवसांत सामना असला, तरी उत्सवाची मंडळी तेथे येतातच.