जीनो बार्ताली : एका भाविक शर्यतपटूचें चरित्र

संत पौल यांनीं करिंथकरांना लिहितांना धांवण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, तो उगाच नव्हे. करिंथ शहराजवळच इस्थमिया येथें दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत व विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट चढे. थोड्याच दिवसांत सुकून जाणाऱ्या त्या मुकुटासाठीं खेळाडू केवढें कडक व्रत पाळतात, हें करिंथकर जाणून होते. तेव्हांपासून खेळ आणि श्रद्धा यांचा संबंध ख्रिस्ती जनांना अपरिचित नाहीं. मात्र त्याचा अर्थ पुष्कळदां उलटा लावला जातो. आमच्या धर्मग्रामांतील मुलें सामन्यापूर्वीं आशीर्वाद मागावयास येतात, तेव्हां त्यांच्या मनांत बहुधा एकच इच्छा असते, ती म्हणजे जिंकण्याची. आशीर्वाद आम्ही आनंदानें देतों. परंतु श्रद्धेपासून खेळाडूला नेमकें काय लाभतें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें इटलीच्या जीनो बार्तालीचें चरित्र पाहावें.

हा सायकलपटू फ्लॉरेन्स शहरानजीक पोन्ते आ एमा या गांवीं १८ जुलै १९१४ रोजीं जन्मला. घर गरिबीचें, पण भाविक. लहान वयांतच तो कॅथलिक ॲक्शन या संघटनेचा सभासद झाला. १९३६ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें इटलीची प्रदक्षिणा-शर्यत जिंकली आणि सारा देश त्याचें नांव घेऊं लागला. त्याच जून महिन्यांत त्याचा धाकटा भाऊ जूल्यो दुसऱ्या एका शर्यतींत मोटारीवर आदळून मरण पावला. विजयाला दोन आठवडेही लोटले नव्हते. ज्या सायकलीनें कीर्ति दिली तिनेंच भाऊ नेला, असें जीनोला वाटलें असल्यास नवल नाहीं. सायकल कायमची सोडावी असा विचार त्यानें केला होता. अखेर तो पुन्हां रस्त्यावर आला. परंतु आतां तो पूर्वीचा उनाड तरुण राहिला नव्हता. त्याच सुमारास तो कार्मेल संघाच्या तृतीय वर्गांत दाखल झाला आणि बाळ येशूच्या संत तेरेजेची भक्ति त्यानें जन्मभर केली.

या भक्तीनें त्याचीं संकटें टळलीं काय? मुळींच नाहीं. १९३७ सालीं फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत पिवळा सदरा, म्हणजे अग्रस्थानाचा मान, अंगावर असतांना तो पुलावरून घसरून आल्प्स पर्वतांतील एका थंडगार ओढ्यांत पडला, आणि पुढें त्याला ती शर्यत सोडावी लागली. दुसऱ्या वर्षीं मात्र त्यानें ती जिंकली. त्या काळीं इटलींत मुसोलिनीची सत्ता होती, आणि खेळाडूनें आपला विजय त्याच्या चरणीं वाहावा अशी सरकारची अपेक्षा असे. बार्तालीनें तसें केलें नाहीं. पॅरिस येथील विजयमातेच्या मंदिरांत जाऊन त्यानें आपला पुष्पगुच्छ मरियामातेच्या पायांशीं ठेवला. रोमच्या यात्रेस निघालेल्या तेरेजेनें १८८७ सालीं याच मंदिरांत प्रार्थना केली होती.

कोणी असें समजूं नये कीं तो स्वभावानें सौम्य साधुपुरुष होता. तो मोठा कुरकुऱ्या. सारेंच कसें चुकलें आहे हें सांगण्याची त्याला फार हौस. फौस्तो कोप्पी या तरुण प्रतिस्पर्ध्याशीं त्याची चुरस इतकी तीव्र होती कीं इटलीचे लोक त्यावरून दोन तटांत विभागले गेले. आम्हांस हें वाचून बरेंच वाटतें. संतांच्या तसबिरी पाहून ज्यांचा धीर खचतो, त्यांना असा मनुष्य जवळचा वाटेल.

त्याच्या श्रद्धेची खरी कसोटी शर्यतींत लागलीच नाहीं. १९४३ सालीं सप्टेंबरांत जर्मन सैन्यानें इटली व्यापली आणि यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनीं मठांतून व कॉन्व्हेंटांतून त्यांना आश्रय देवविला. बार्तालीचा विवाह १९४० सालीं याच कार्डिनलांनीं लावला होता. त्यांनीं त्याला बोलावून एक काम सोंपविलें. लपलेल्या लोकांना परक्या नांवाचे ओळखपत्र हवे असत. ते नेण्याआणण्याचें तें काम. बार्ताली कागदांची सुरळी करून सायकलीच्या नळींत घाली, वर सीट बसवी आणि सराव करावयास निघाल्याचा बहाणा करून मैलोगणती जाई. पहारेकरी त्याला ओळखत. त्यांनीं अडविलेंच तर सायकलीस हात लावूं नये, तिचे भाग फार काळजीपूर्वक जुळविले आहेत, अशी तो विनंती करी. गोल्डनबर्ग नांवाच्या एका यहुदी कुटुंबास त्यानें फ्लॉरेन्स येथें तळघरांत लपविलें. यामुळें किती जीव वाचले याचे मोठे आंकडे सांगितले जातात. परंतु अशा कामाची वही कोणी ठेवीत नसतो, म्हणून ते आम्ही येथें देत नाहीं. १९४४ सालीं त्याला चौकशीसाठीं धरून नेलें होतें, तेथून तो सुखरूप सुटला. पकडला गेला असता तर प्राणांस मुकला असता. या शर्यतीला ना प्रेक्षक होते, ना मुकुट.

युद्धांत ऐन उमेदीचीं वर्षें गेलीं. १९४८ सालीं तो पुन्हां फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत उतरला, तेव्हां तो चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता आणि लोक त्याला म्हातारा म्हणत. लूर्द येथें संपणारा टप्पा त्यानें जिंकला. तरीही १४ जुलैला तो लुईझों बोबे या फ्रेंच तरुणाच्या २१ मिनिटांहून अधिक मागें होता. त्याच दिवशीं रोममध्यें कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि देशभर दंगे उसळले. पंतप्रधान दे गास्पेरी यांनीं कान येथें दूरध्वनि करून बार्तालीला जिंकण्याची गळ घातली. दुसऱ्या दिवशीं अलोस, वार्स व इझोआर हे तीन उंच घाट थंडी-पावसांत ओलांडून तो ब्रियांसों येथें पहिला आला. त्यापुढच्या दिवशीं पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता. पॅरिसला तो २६ मिनिटांच्या आघाडीनें पोहोंचला. त्याच्या विजयानें इटलींतील यादवी टळली असें कित्येक सांगतात. हें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें. जखमी तोल्यात्ती यांनीं स्वतःच आपल्या अनुयायांना शांत राहावयास सांगितलें होतें. पण दोन विजयांमध्यें दहा वर्षांचें अंतर आणि त्यांत एक महायुद्ध, हें मात्र निर्विवाद.

त्याच वर्षीं पोप बारावे पायस यांनीं आशीर्वादिलेली ज्योत सायकलपटूंनीं कोमो सरोवराजवळील गिझाल्लो टेकडीवरच्या मरियामातेच्या मंदिरांत नेली. ती वाहून नेणाऱ्यांत बार्ताली होता, आणि कोप्पीही होता. १९४९ सालीं पोपमहाराजांनीं त्या मातेस सायकलपटूंची आश्रयदात्री म्हणून जाहीर केलें.

आपल्या युद्धकाळांतील कामाविषयीं बार्तालीनें चारचौघांत बोलणें टाळलें. आंद्रेआ या आपल्या मुलास त्यानें कांहीं गोष्टी हळूहळू सांगितल्या, त्याही दुसऱ्या कोणास न सांगण्याच्या अटीवर. ५ मे २००० रोजीं तो वारला आणि कार्मेल संघाच्या वस्त्रांत त्याला पुरण्यांत आलें. जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेनें यहुदी लोकांस वाचविणाऱ्या परजातीय सज्जनांच्या यादींत त्याचें नांव घातलें तें २०१३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनीं.