पाच कपाटं ते बाल्कनी: सीएनसीची गोष्ट

गेले दोन महिने माझ्या कार्टमध्ये एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन पडून आहे. त्याला ३०१८ म्हणतात, कारण बेड साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचा. बाल्कनीत आरामात मावेल. घ्यायचं की नाही ते ठरेना, म्हटलं आधी याचा इतिहास तरी बघू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत. १९४० चं दशक. जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याचा वक्र आकार अचूक हवा, म्हणून त्यांनी आणि इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड मशीनवर त्या वक्रावरचे बिंदू काढले. मग मशीनपाशी एक जण आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा एक्स अक्षाचं चाक फिरवणार, तिसरा वायचं. म्हणजे बघा, माणसांनीच चालवलेला जी-कोड!

ही चाकं मोटरनं फिरवली तर? या कल्पनेला १९४९ मध्ये हवाई दलाचं कंत्राट मिळालं आणि काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं. १९५२ मध्ये तिथं भोकं पाडलेल्या पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं. त्याचा कंट्रोलर फ्रीजएवढ्या पाच कपाटांत बसवला होता!

आता खरा मुद्दा. तेव्हा दुसरा रस्ताही होता. कसबी कारागिरानं एक पार्ट हातानं करायचा, मशीननं त्याच्या हालचाली रेकॉर्ड करायच्या आणि पुन्हा तशाच करायच्या. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात म्हटलंय, की तो रस्ता मागे पडला त्याचं कारण फक्त तांत्रिक नव्हतं. व्यवस्थापनाला कामाचा ताबा शॉप फ्लोअरवरून ऑफिसात हवा होता. हे वाचताना मी जरा चपापलोच. त्या ऑफिसात बसून कोड लिहिणारा माणूस म्हणजे मीच की!

पुढे २००९ मध्ये ‘जीआरबीएल’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं. पाच कपाटांचं काम तळहातावरच्या आर्डुइनो बोर्डावर मावलं आणि मशीन घरात शिरलं.

मामाला फोन केला. त्याची उभी हयात भोसरीत मिलिंग मशीनवर गेली. म्हणाला, “कोड तू लिहिशील रे, पण कटर किंचाळायला लागला की काय करायचं ते कोण सांगणार?” मी गप्प. खरंय, फीड किती, कट किती खोल, जॉब घट्ट बसलाय का, हे स्क्रीनवरून कळत नाही. त्यात हे मशीन हलकं. लाकूड, प्लास्टिक ठीक, ॲल्युमिनियम म्हटलं की अगदी पातळ पातळ कट घ्यायचे.

तर ठरलं! मशीन घेणार, पण पहिला जॉब मामा शेजारी बसल्यावरच. त्याचा कान आणि माझा कोड. मागे पडलेला तो रस्ता निदान आमच्या बाल्कनीत तरी चालू करून बघू.

तुमच्या घरात असा कोणी मामा, काका, आजोबा आहे का? त्यांना एकदा बोलतं करा. भेटू पुढच्या भागात!